कोसमटोल्याच्या पाळीतला रणगाडा

मी रणगाडा बोलतोय. मोबाइलवर तुम्ही पाहिला असेल तो मी नव्हे. तो हिरवागार, चकचकीत आहे. चिखलातून वर येतो आणि धूर सोडत चालू लागतो. मी कोसमटोल्याच्या तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, गाडलेला आहे. माझा रंग खाली काळा, वर तांबडा. मी चालत नाही. मी एक माणूस गिळला, असं लोक सांगतात. ते कसं झालं ते आता माझ्याकडूनच ऐका. ज्यांनी आजवर सांगितलं त्यांनी खोटं सांगितलं, आणि मी ते सोडून देणाऱ्यांतला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, मोठं युद्ध चालू असताना. पुरुष लढायला गेले होते, म्हणून मला जोडलं ते बायकांनी. बोटीत घालून मला ब्रह्मदेशाच्या सीमेकडे पाठवलं. मी पोचेपर्यंत युद्ध संपत आलं होतं. मी एकही गोळा डागला नाही. शत्रूचा एकही माणूस माझ्या नावावर नाही. हे लक्षात असू द्या.

युद्ध संपल्यावर माझी तोफ आणि डोकं काढून घेतलं, वरचं भोक जाड पत्रा जोडून बंद केलं आणि उरलेला मी लिलावात गेलो. गडचिरोलीच्या जंगलात लाकडं तोडणाऱ्या एका ठेकेदाराने मला घेतलं. माझ्या मागे साखळ्या बांधून तो सागाचे ओंडके ओढायचा. ते काम मला आवडलं होतं. पुढे कोसमटोल्याजवळ माझं इंजिन बसलं ते कायमचं. ठेकेदार साखळ्या सोडून घेऊन गेला; मला मात्र तिथेच ठेवून गेला. उन्हाळ्यात बायका माझ्या तापलेल्या पाठीवर मोहफुलं वाळत घालायच्या. शेळ्या माझ्यावर चढून पळसाचा पाला ओरबाडायच्या. लोकांना उपयोगी पडायला इंजिन लागतंच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग एका पावसाळ्यात तलावाची पाळ फुटली. धानाला लागणारं सगळं पाणी त्या भगदाडातून वाहून चाललं होतं. गोंड मोहल्ला, बौद्ध मोहल्ला, सगळा गाव पाळीवर आला. बैलजोड्या जुंपल्या, खालून पहारी लावल्या आणि मला ओढत नेऊन त्या भगदाडात लोटलं. वरून दगड, मुरूम, काळी माती. "लोखंड आहे, त्याले काय होते," असं कोणीतरी म्हणालं. पाणी थांबलं. माझं झाकण घट्ट बसलेलं होतं, त्यामुळे माती पोटात शिरली नाही. तेव्हापासून या गावाचा तलाव मी अंगावर पेलून आहे. ज्यांनी मला लोटलं त्यांची नातवंडं म्हातारी झाली.

आता लोखंडाला काय होतं ते सांगतो.

माझा तळ तलावाच्या बाजूच्या काळ्या चिखलात आहे. तिथे हवा पोचत नाही, म्हणून तिथे मी नव्यासारखा असेन, असं वाटतं ना? त्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. त्यांना हवेची गरज नसते. ते लोखंड काळं करून टाकतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. मधला पट्टा पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात सुकतो. पाणी आणि हवा दोन्ही आळीपाळीने मिळाल्यामुळे तो सगळ्यात आधी गेला. पितळ जिथे लोखंडाला टेकलेलं होतं तिथे पितळ राहिलं आणि लोखंड झिजलं. इंजिनातल्या हलक्या धातूचा पांढरा भुगा झाला. गंज वाईट असतो तो यासाठी, की तो आतल्या लोखंडाला झाकून ठेवत नाही. त्याचा पापुद्रा सुटतो, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं आणि तिथे नवा गंज धरतो.

राहिलं माझं पोट. तिथे ओल होती आणि कोंडलेली हवा होती. त्या हवेतला जो भाग तुम्ही श्वासाला घेता, तोच मला गंजायला लागतो. मी तो हळूहळू खाऊन टाकला. उरलेली हवा दिसायला हवेसारखीच. तिला वास नाही, रंग नाही. तिच्यात माणूस दोन-चार श्वास घेतो आणि त्याला काही कळायच्या आत खाली बसतो.

हे मी ललिताबाईंच्या तोंडून ऐकलं. ललिता खोब्रागडे. ब्रह्मपुरीच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात, राहतात कोसमटोल्यात. नवरा लवकर गेला. घरात त्या आणि मुलगा अश्वजित, दोघंच. दर वर्षी त्या वर्गात ओला लोखंडी कीस काचेच्या नळीत तळाशी कोंबतात आणि नळी पाण्यात उलटी उभी करतात. काही दिवसांनी पाणी नळीत वर चढलेलं असतं. "पाणी वर का गेलं?" त्या विचारतात. "जेवढं चढलं तेवढी हवा लोखंडाने खाल्ली म्हणून." अश्वजितने आठवीत असताना हा प्रयोग घरच्या खिडकीतही मांडला होता. नळी कलंडली आणि पाणी पिठाच्या डब्यात गेलं, म्हणून त्याने आईची बोलणी खाल्ली होती. बाई हे मला पाळीवर बसून सांगायच्या. पण ते नंतर.

अश्वजित आयटीआय करून नागभीडला वेल्डिंगच्या दुकानात लागला. हात चांगला होता त्याचा. एकदा तलावातला गाळ काढताना मशीनचा दात माझ्या कडेला लागला. कोणीतरी फोटो काढला, आणि तो फोटो मिथुनपर्यंत गेला.

मिथुन नागभीडचाच. 'जमिनीखालचं रहस्य' नावाचं त्याचं चॅनेल. माझ्या अंगाला कधी हातही न लावता त्याने माझ्यावर व्हिडिओ केला. कुठल्याशा थंड देशातल्या तळ्यातून काढलेला एक रणगाडा त्याने त्यात दाखवला: बाहेर काढला, डिझेल ओतलं, चालू झाला. मध्ये तो रणगाडा कारखान्यात कित्येक महिने उघडून, घासून, नवे भाग बसवून तयार केला होता. तेवढा भाग त्याने कापला. "चिखलात गाडलेलं लोखंड कधीच गंजत नाई मित्रांनो," असं तो म्हणाला. शिवाय आतल्या रेडिओत लाखोंना विकला जाणारा लाल पारा असतो, हेही सांगितलं. असला पारा मी जन्मात पाहिलेला नाही.

अश्वजितला पाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला माझं इंजिन हवं होतं. एप्रिलमध्ये तलावाचं पाणी उतरल्यावर तो आणि त्याचा मित्र दिनेश बाहेरच्या बाजूने पाळ खणू लागले. खणता खणता चाललेलं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"चालू झाला ना बे, तर आईच्या शाळेसमोर नेऊन उभा करतो."

"अन् पार्किंग कुठी करशील?"

"हेडमास्तरच्या गाडीवर."

माझं झाकण सापडलं. जॅक लावून त्यांनी ते उचकटलं, तेव्हा सूं असा आवाज झाला. बाहेरची हवा आत ओढली जात होती. इतकी वर्षं मी जे खाल्लं होतं त्याची ती पोकळी होती, आणि एवढ्याशा झुळकीने ती भरणार नव्हती. माणसांशी मला बोलता येत नाही; ती सूं हाच माझा इशारा होता. पण दिनेश म्हणाला, "ऐकलं का? एकदम पॅक आहे बे. मिथुनभाऊ बरोबर बोलला."

अश्वजित मोबाइलचा टॉर्च लावून उतरला. चालकाच्या जागेवर बसला. समोरच्या दांडीला त्याने हात लावला आणि ती त्याच्या हातात मोडून आली. "अबे, हे तर सडलं..." एवढंच बोलला. मग मान खाली घातली, झोप आल्यासारखी. दिनेश हाका मारत कमरेपर्यंत आत आला, त्याला घेरी आली, तो कसाबसा मागे सरकला. गावातल्या लोकांनी दोराला गळ बांधून अश्वजितला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातातला टॉर्च अजून लागलेलाच होता. बॅटरीच्या उजेडाला हवा लागत नाही.

दवाखान्यात 'गुदमरून मृत्यू' असं लिहिलं. पोलिसांनी झाकण पुन्हा बसवलं, वर ताडपत्री आणि माती टाकली. अश्वजितच्या घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या कार्याला सगळा गाव जेवला. बाई रडल्या नाहीत. शाळेत रुजू झाल्या.

आणि मिथुनने दुसरा व्हिडिओ टाकला.

'शापित रणगाड्याने घेतला बळी.' आत एका गोऱ्या सोल्जरचा आत्मा आहे, तो कोणाला बसू देत नाही, असं तो पाळीवर उभा राहून सांगत होता. कोपऱ्यात अश्वजितचा फोटो होता, त्याच्या स्टेटसवरून उचललेला, हार चढवलेला. पहिल्या व्हिडिओपेक्षा हा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. मग दुसऱ्यांनी तो उचलला. एकाने मला जपानी केलं, दुसऱ्याने रशियन. कोणी आत्म्याच्या जोडीला सोनं घातलं. कोणी अश्वजितचं नाव बदललं. शेवटी एकाने सांगितलं, की मुलाच्या आईनेच धनासाठी त्याला आत पाठवलं होतं. प्रत्येक जण आधीच्याचा एक पापुद्रा काढायचा आणि खालच्या कोऱ्या जागेवर स्वतःचं काही चढवायचा. मी गंज आहे, मला ही रीत ओळखता येते.

शाळेतल्या एका बाईंनी तो शेवटचा व्हिडिओ ललिताबाईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "हे खरं आहे का हो?"

ललिताबाईंनी मिथुनला फोन केला. जे लिहून दिलं ते त्याने वाचावं, एवढंच मागितलं: तिथे आत्मा नाही, हवा नव्हती. तो आदराने बोलला. "बाई, तुमचं दुःख मी समजतो. पण पब्लिकले सायन्स नाई पाह्यजे." फोन ठेवताना म्हणाला, "अन् निगेटिव्ह बोलू नका कुठी."

त्यानंतर त्या दर रविवारी पाळीवर येऊ लागल्या. माझ्या झाकणावरच्या मातीशेजारी बसायच्या. शाळेत त्या पुस्तकातली भाषा बोलतात. माझ्याशी घरची बोलायच्या. नळीतलं पाणी, लोखंडी कीस, पिठाचा डबा, सगळं सांगून झालं. मग एका दुपारी म्हणाल्या, "तू त्याले घेतलं. तुझा दोष नाई. पण अजून एक घे."

मला नाव सांगायची गरज नव्हती. मी तयार होतो. युद्धात मला एकही शत्रू मिळाला नव्हता. आता मिळाला होता. पावसाळाभर झाकणाखाली ओल होती, नवे पापुद्रे सुटत होते, आणि मी माझ्या पोटातली हवा पुन्हा खात होतो. या वेळी मन लावून.

पुढचा उन्हाळा आला. अश्वजितने खणलेल्या जागेतून पाळ झिरपायला लागली होती. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी माझं पोट मुरूम-मातीने भरून ती जागा बुजवायची, असं गावाने ठरवलं. हे कळताच बाईंनी मिथुनला स्वतःहून फोन केला. "बुजवायच्या आधी आतून दाखवायचं असेल तर ये. मी अडवणार नाही." तो लगेच हो म्हणाला.

सकाळी सगळा गाव पाळीवर होता. मिथुन नवा शर्ट घालून आला. झाकण काढलं, पुन्हा तीच सूं. त्याने ती फोन जवळ नेऊन लोकांना ऐकवली. "आत्म्याचा श्वास, मित्रांनो." लाइव्ह चालू होतं. मग तो फोन खाली करून बाईंकडे वळला.

"बाई, दोन शब्द बोला ना. थोडं इमोशनल."

"तू आत जाऊन ये," बाई म्हणाल्या. "मग बोलते."

दिनेश त्यांच्या बाजूलाच होता. तो हळूच त्यांच्याकडे झुकला. "मावशी, सांगा त्याले. आत काई नाई. हवाच नाई."

"गप राह्य."

"मावशी."

"मी त्याले पाठवून राह्यली का? त्याचा तो चालला."

बाकी कोणी ऐकलं नाही. मिथुनने टॉर्च लावला, अगदी तसाच. एक पाय झाकणाच्या कडेवर ठेवला. माझ्या पोटातली हवा शांत होती, ती नेहमीच शांत असते. ये, मी म्हणत होतो. ये, बस त्या जागेवर. ती मोडलेली दांडी धर.

त्याने फोन स्वतःकडे वळवला आणि हसला. "मी परत आलो नाई तर हा व्हिडिओ सगळ्यायले शेअर करजा." लोक हसले.

बाई हसल्या नाहीत. त्या त्याच्या हातातल्या फोनकडे पाहत राहिल्या. त्यावर खालून वर अक्षरं धावत होती, कोणी हात जोडत होतं, कोणी कवट्या पाठवत होतं.

"थांब," त्या म्हणाल्या.

मिथुन थांबला. सगळेच थांबले. बाई वळल्या आणि तलावाकाठी घर असलेल्या सोमाजी आत्रामला म्हणाल्या, "सोमाजीभाऊ, तुमचा कंदील आणा. पेटवून. अन् दोर."

सोमाजीने कंदील आणला, काच पुसलेला. "विहिरीत सोडतो तसा?"

"तसाच."

या गावात दर उन्हाळ्यात विहिरी उपसतात. माणूस उतरण्याआधी कंदील उतरतो. तो विझला तर माणूस उतरत नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. दोर हातात धरून सोमाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बोलला तेव्हा हळू बोलला. "त्या दिशी आमी हा सोडला नाई. हे मशीन आहे म्हनलं. मशीनीत कोन कंदील सोडते." तिथे जमलेल्या प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी विहिरीत कंदील सोडला होता.

"दोर त्याच्या हातात द्या," बाई म्हणाल्या. "फोन चालू राहू दे. दिनेश धरेल."

मिथुनने कंदील सोडला. माझ्या गळ्यापाशी ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. "वारा असेल," तो म्हणाला.

"पुन्हा पेटव."

पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तिसऱ्या वेळी कंदील माझ्या कडेला आपटत खाली गेला. तोही विझला.

"कोण विझवते त्याले?" बाईंनी विचारलं.

"आत..." त्याने शब्द अर्धाच सोडला.

"आत्मा आहे ना? जा मग. भेट त्याले. तुह्या पब्लिकले दाखव." आवाज वर गेला नाही. "काऊन थांबला?"

मिथुनने पाय मागे घेतला आणि तिथेच मातीत बसला.

मग बाईंनी त्याच्याकडून बोलून घेतलं. एक वाक्य त्या सांगायच्या, एक तो फोनकडे पाहून म्हणायचा. गाडलेलं लोखंड गंजतं. गंजताना ते हवा खातं. मी सांगितलं ते खोटं होतं. ते ऐकून अश्वजित ललिता खोब्रागडे आत उतरला आणि मेला. तिथे कोणाचा आत्मा नाही. शेवटचं वाक्य बाईंनी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्याच दुपारी गावाने माझं पुढचं पोट मुरूम-मातीने ठासून भरलं, झाकण लावलं, पाळ बुजवली. पाळीवरून निघताना दिनेश म्हणाला, "मावशी, मले वाटलं तुम्ही सोडता त्याले. बरं झालं दया आली."

"दया नाई आली," बाई म्हणाल्या. "मेला असता तर त्याचाच व्हिडिओ झाला असता. त्याच्यात माझा अश्वजित पुन्हा मेला असता, त्यायच्या आत्म्याच्या हातानं. हा जिवंत पाह्यजे मले. रोज सांगत राह्यला पाह्यजे."

आणि तो सांगतोय. मी ऐकतो, पाळीवर बसून पोरं फोन बघतात. 'भाऊ घाबरला' म्हणून लोक त्याला हसतात. त्याने पैसे खाल्ले म्हणतात. कंदील आत्म्यानेच फुंकला, हे तर फोनमध्ये स्पष्ट दिसतं म्हणतात. तेवढाच तुकडा कापून त्याचा नवा व्हिडिओ फिरतोय. मिथुन प्रत्येकाच्या खाली लिहीत बसतो, असं नाही, तिथे हवा नव्हती. कोणी ऐकत नाही. खरं बोलूनही खोटं ठरणं काय असतं ते त्याला आता समजलं असेल. मला फार आधीपासून माहीत आहे. त्याची कीव करायला मला कोणी सांगू नये.

बाई अजून रविवारी येतात. बोलत नाहीत. मोडलेली ती दांडी माझं पोट भरण्याआधी गळ टाकून वर काढली होती; ती त्या घेऊन गेल्या. शाळेत उलट्या नळीशेजारी ठेवली आहे म्हणतात.

मी आहे तिथेच आहे. तलाव भरलेला आहे, धान हिरवं आहे, आणि माझं लोखंड दर वर्षी थोडं कमी होतं. एक दिवस मी पुरता संपेन; तेव्हा पाळ सांभाळा, एवढं गावाला सांगून ठेवतो.

तुम्हाला मात्र वेगळं सांगायचं आहे. माझं पुढचं पोट भरलं असलं तरी इंजिनाचा मागचा कप्पा भिंतीपलीकडे रिकामा राहिला आहे. तो बंद आहे. तिथे मी अजून हवा खातोय. मी नवाकोरा आहे, माझ्यात पारा आहे, सोनं आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर जरूर या. येताना कंदील आणा. सांगणाऱ्यालाही सोबत आणा. कंदील विझला, की त्याला विचारा, आता काय म्हणतोस. आणि तरीही तो तेच म्हणाला, तर त्याला अडवू नका. आधी त्याला उतरू द्या.